डोळ्याच्या नसेला सूज: सलाईनमधून स्टेरॉइड, गोळ्या की वाट पाहायची?

एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) रुग्णाचा डोळा हलवताना दुखू लागतो, त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो, काही दिवसांत नजर अंधुक होते. ऑप्टिक न्यूरायटिसचं, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आल्याचं निदान झालं की घरचे घाबरून विचारतात, स्टेरॉइड दिलं नाही तर डोळा जाईल का?

बहुतेकांचा जात नाही. १९९२ साली अमेरिकेतल्या ४५७ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांची नजर लवकर सुधारली, पण वर्षभरानंतर ती औषधाविना राहिलेल्यांइतकीच होती. म्हणजे स्टेरॉइडने वेळ वाचतो. ज्याचं पोट गाडी चालवण्यावर किंवा बारीक कामावर आहे, किंवा दुसरा डोळा आधीच अधू आहे, त्याच्यासाठी ते थोडके आठवडे फार मोलाचे. नजर थोडीच उतरली असेल आणि शुगर आवाक्यात राहत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबणंही रास्त.

त्याच चाचणीत वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोन (हेही स्टेरॉइडच) नुसतं तोंडाने घेणाऱ्यांना नसेची सूज पुन्हा येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हा कमी डोसचा पर्याय मी सरळ बाद करेन.

मोठ्या डोसच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. कॅनडातल्या ५५ रुग्णांवरच्या चाचणीत (२०१८) तीन दिवस रोज १२५० मिलिग्रॅम प्रेडनिसोन तोंडाने आणि १००० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी दोन्हींत ठळक फरक नव्हता. अॅडमिट होणं टळतं, खर्चही उतरतो. फक्त ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या असल्या तरी दिवसाला २५ होतात. मेडिकलवाल्याला ती चूक वाटेल, म्हणून चिठ्ठीवर डोस आणि दिवस स्पष्ट लिहून घ्या. उलट्या होत असतील किंवा शुगरवर तासातासाला नजर हवी असेल, तर सलाईनच बरं.

झोप उडणं, चिडचिड, अॅसिडिटी आणि वाढलेली शुगर दोन्हीकडे सोसावी लागते. डोस सकाळीच घ्यावा. टीबी झालेला असेल, ताप असेल किंवा गरोदरपण असेल, तर ते आधी सांगा.

दोन्ही डोळे एकदम गेले, नजर जवळपास संपली किंवा तीन-चार आठवड्यांत काहीच सुधारणा नाही, तर वाट पाहू नका. तो एमएसऐवजी एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करणारा वेगळा आजार) असू शकतो. त्यात उशीर महागात पडतो, म्हणून अॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडीजची तपासणी मागा. उलट गरम पाण्याची आंघोळ किंवा उन्हातून आल्यावर पूर्वी सूज येऊन गेलेलाच डोळा थोडा वेळ धूसर झाला आणि अंग थंड होताच निवळला, तर ती सहसा नवी सूज नसते. त्यासाठी स्टेरॉइड लागत नाही.