कॅम्पचा स्टोव्ह: आधी काय बिघडतं ते पाहा, मग निवडा

कॅम्पवर वापरायच्या स्टोव्हचा बर्नर सहसा मोडत नाही. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा बर्नर वर्षानुवर्षं आच सोसतो, काळा पडतो, बस. दगा देतात ते छोटे भाग: रबराची ओ-रिंग, पंपातला वायसर, इंधन जिथून बाहेर पडतं त्या निपलचं अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक, खटक्याचा लायटर आणि भांडं टेकवायचे घडीचे पाय. म्हणून पाणी किती मिनिटांत उकळतं हा आकडा आम्ही सगळ्यात शेवटी पाहतो. स्टोव्ह साध्या पान्याने पूर्ण उघडतो का आणि त्याचे सुटे भाग वेगळे मिळतात का, हे आधी. या दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो कितीही जाड पत्र्याचा असला तरी एक ओ-रिंग गेली की निकामी.

गॅसच्या डब्यावर थेट आट्यांनी बसणारे स्टोव्ह वापरायला सगळ्यात सोपे. आट्यांचा डबा ईएन 417 या युरोपीय मानकाचा असला की एका कंपनीचा स्टोव्ह दुसऱ्या कंपनीच्या डब्यावरही बसतो. एमएसआर या कंपनीचा पॉकेटरॉकेट 2 अवघा 73 ग्रॅमचा. त्यात लायटर नाही, दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, त्यामुळे बिघडण्यासारखं फार थोडं. पॉकेटरॉकेट डिलक्स आणि सोटो कंपनीचा विंडमास्टर यांत दोन्ही आहेत. शिवाय त्यांच्या बर्नरचं तोंड खोलगट आणि कड उंच आहे, त्यामुळे झुळूक आली तरी ज्योत आत टिकते. उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्याने यांचाच विचार करावा.

वाऱ्याचा परिणाम किती, ते हिशोबाने कळतं. 20 अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे 335 किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस साधारण 46 किलोज्यूल देतो, म्हणजे कागदावर सात-साडेसात ग्रॅम पुरतात. पण जवळपास निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, म्हणून शांत हवेत लिटरमागे पंधरा ग्रॅम धरावेत. 230 ग्रॅमच्या डब्यात मग पंधरा लिटर पाणी उकळतं. वारा लागू लागला की हाच खर्च सहज दुप्पट होतो, आणि जोराच्या वाऱ्यात साधा बर्नर पाणी उकळवतच नाही, नुसतं कोमट ठेवतो. भांड्यावर झाकण हवंच.

वारा अडवायचा म्हणून या प्रकारच्या स्टोव्हभोवती पत्र्याचं कडं मात्र कधीही लावू नये. डबा बर्नरच्या बरोबर खाली असतो. कड्यात कोंडलेली उष्णता त्याच्यावर उतरते आणि आतला दाब धोक्याच्या पातळीला जातो. डब्यावर 50 अंशांच्या वर तापू देऊ नका अशी सूचना छापलेली असते. अधूनमधून हात लावून पाहावं. हात ठेववत नसेल, तर स्टोव्ह लगेच बंद.

रेग्युलेटरबद्दल एक गैरसमज बराच पसरलेला आहे. तो थंडीत गॅस तयार करत नाही. डब्यातला दाब कमी-जास्त झाला तरी निपलपर्यंत येणारा दाब सारखा ठेवणं एवढंच त्याचं काम. डब्यातल्या द्रवाची वाफच होत नसेल तर तो काही करू शकत नाही. साधा ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे 12 च्या आसपास आणि प्रोपेन उणे 42 ला. मिश्र गॅसच्या डब्यातून प्रोपेन आधी निघून जातो, म्हणून अर्धा संपलेला डबा नव्या डब्यापेक्षा थंडीत लवकर मान टाकतो. त्यात पेटता स्टोव्ह डब्यातली उष्णता सतत ओढत असतो, त्यामुळे डबा हवेपेक्षाही गार होतो. डबा उथळ ताटलीत कोमट पाण्यात उभा करावा. कोमटच, गरम नाही. डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या: गोठवणाऱ्या थंडीत फक्त ब्युटेनचा डबा नुसतं ओझं ठरतो.

खटक्याच्या लायटरवर भिस्त ठेवू नये. त्याच्या तारेभोवतीची चिनीमातीची नळी तडकते, टोक वाकतं, ओल आली की ठिणगीच पडत नाही. तो असावा, पण ठिणगी पाडायची सळई किंवा काड्यापेटी वेगळ्या कोरड्या पिशवीत हवी. लायटर मेला तरी बाकी स्टोव्ह चालतो, म्हणून हा दोष आम्ही फार मोठा मानत नाही. पायांचं तसं नाही. पाय डुगडुगले की तापलेलं पातेलं कोणाच्या तरी अंगावर येतं. दुकानात पाय उघडून वरून बोटाने दाबा आणि आडवे हलवा. रिव्हेटमध्ये खेळ जाणवला तर तो वाढतच जाणार. डब्यावर बसणाऱ्या स्टोव्हवर दोन लिटरपेक्षा मोठं भांडं ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे, मग कंपनी काहीही म्हणो.

चार-पाच जणांचं जेवण करायचं असेल तर डबा बाजूला आणि बर्नर जमिनीलगत असा नळीचा स्टोव्ह घ्यावा. कोव्हिया कंपनीचा स्पायडर 168 ग्रॅमचा आहे, एमएसआरचा विंडप्रो 2 त्याहून जड. पाय रुंद, भांडं खाली, डबा लांब, त्यामुळे इथे वाऱ्याचं कडं बिनधास्त लावता येतं. दोन्हींत नळी ज्योतीतून फिरवलेली असते. थंडीत डबा उलटा केला की गॅसऐवजी द्रव नळीत येतो, ज्योतीतल्या भागात त्याची वाफ होते आणि डब्याच्या थंडपणाचा प्रश्न बराच कमी होतो. रीत अशी: डबा सुलटा ठेवून पेटवा, अर्धा मिनिट तापू द्या, आच कमी करा, मग सावकाश उलटा करा. विझवण्याआधी पुन्हा सुलटा करून नळीतला द्रव जळू द्या. ज्योतीतून जाणारी नळी नसलेल्या स्टोव्हचा डबा उलटला तर मोठा पिवळा भडका उठतो. नळी ज्या ठिकाणी झडपेला जोडलेली असते तिथे ती वारंवार वाकते. घडी घालताना तिथे पीळ पडणार नाही हे पाहा.

आता द्रव इंधनाचे स्टोव्ह, ज्यांत इंधन बाटलीत असतं आणि पंपाने दाब भरतात. टिकाऊपणाच्या कसोटीला हेच सर्वांत खरे उतरतात, आणि हेच सर्वांत जास्त निगा मागतात. दाबाच्या रॉकेल स्टोव्हची ही परंपरा 1892 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या प्रायमसपासूनची. एमएसआरचा व्हिस्परलाइट 1980 च्या दशकापासून जवळजवळ त्याच रचनेत बनतो आहे, आणि आमच्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, कारण त्याचे वायसर, ओ-रिंगा आणि निपल आजही मिळतात. व्हिस्परलाइट युनिव्हर्सलसोबत तीन निपल येतात: गॅसचं, व्हाइट गॅस (नावात गॅस असला तरी स्टोव्हसाठीचं शुद्ध द्रव इंधन) आणि पेट्रोलचं, रॉकेलचं. रॉकेलची वाफ जड असते, तिला जळायला हवा जास्त लागते, म्हणून रॉकेलच्या निपलचं भोक बारीक. पेट्रोलचं निपल लावून रॉकेल पेटवलं तर ज्योत पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते. त्यात बर्नरचा दोष नसतो.

एमएसआरचाच एक्सजीके मात्र वेगळ्याच जातीचा. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, जे मिळेल ते तो जाळतो आणि त्याची नळी साफ करणंही सोपं. मंद आच त्याला जमत नाही. बर्फ वितळवायचा असेल तर त्याला तोड नाही, तळाला न लागू देता काही शिजवायचं असेल तर तो चुकीचा. मंद आचेसाठी एमएसआरचा ड्रॅगनफ्लाय किंवा प्रायमसचा ऑम्निफ्युएल घ्यावा. त्यांत पंपावर एक आणि बर्नरजवळ दुसरी झडप असते. एकच झडप पंपावर असेल तर ती फिरवल्यानंतर नळीतलं इंधन संपेपर्यंत आच बदलत नाही, दोन झडपांत ती लगेच बदलते. दोघांचा आवाज मोठा आहे. शेजारी तंबू असतील तर पहाटे पेटवताना जाणवेल.

या स्टोव्हांबद्दलच्या बहुतेक तक्रारी पेटवण्यातल्या घाईतून येतात. बाटली खुणेपर्यंतच भरा, वर हवेला जागा हवी. भरलेल्या बाटलीला वीस ते तीस वेळा पंप मारा, इंधन कमी असेल तर जास्त, कारण मोकळी जागा दाबाने भरायला हवा जास्त लागते. इंधनाची वाफ होण्यासाठी नळी आधी तापावी लागते, म्हणून झडप क्षणभर उघडून बर्नरखालच्या तबकडीत अर्धा ते एक चमचा इंधन येऊ द्या, झडप बंद करा आणि ते पेटवा. ज्योत विझत आली की झडप हळूच उघडा. निळी ज्योत आणि सुरसुर आवाज आला की जमलं. पिवळी ज्योत उसळली तर नळी अजून गार आहे. लगेच बंद करून पुन्हा थोडं इंधन जाळा. रॉकेलला तापायला वेळ जास्त लागतो आणि तापवताना काजळी धरते, त्यामुळे तबकडीत थोडं स्पिरिट वापरलेलं बरं.

पंप दाबताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर आतला चामडी वायसर सुकला आहे: बाहेर काढा, तेलाचा थेंब चोळा, कडा बोटाने बाहेर पसरवा. दट्ट्या आपोआप वर येत असेल तर वायसर ठीक आहे, उलट न जाऊ देणाऱ्या झडपेत कचरा अडकला आहे. दाब भरपूर असून आच बारीक असेल तर निपल किंवा नळी तुंबली. व्हिस्परलाइटच्या निपलमागे सैल सुई असते. स्टोव्ह थंड असताना उलटा धरून हलवला की ती भोक मोकळं करते. तेवढ्याने भागलं नाही तर नळीतली तार पक्कडीने अर्धी ओढून पुढे-मागे घासायची. जाड पिन भोकात घुसवू नका: भोक एकदा मोठं किंवा लंबुळकं झालं की ज्योत कायमची एका बाजूला झुकते आणि मग निपल बदलण्यावाचून इलाज नाही. गाडीच्या पेट्रोलमधल्या मिश्रद्रव्यांमुळे हे तुंबणं वाढतं. व्हाइट गॅस मिळत असेल तर त्यावरच चालवावा. एमएसआरच्या पंपाचं अंग प्लास्टिकचं आहे आणि आपटल्याने तडा जातो, ही खरी उणीव. बाटलीपासून वेगळा करून, मऊ कपड्यात गुंडाळून न्यावा.

कमीत कमी निगेचा स्टोव्ह हवा असेल तर स्वीडनचाच ट्रँगिया. ही कंपनी 1925 ची, आणि वाऱ्याच्या कड्यासकटचा तिचा संच 1951 पासूनचा. पितळेची वाटी, तिच्यात स्पिरिट, हलणारा भाग एकही नाही. ठेचला तर ठोकून सरळ होतो. 27 क्रमांकाचा संच एक-दोघांना, 25 क्रमांकाचा तीन-चौघांना. अडचण इंधनाच्या वजनाची: स्पिरिट ग्रॅममागे सुमारे 27 किलोज्यूलच देतं, म्हणून गॅसच्या जवळजवळ पावणेदोन पट न्यावं लागतं, आणि एक लिटर उकळायला आठ-दहा मिनिटं लागतात. लांबच्या मुक्कामाला हे भारी पडतं. वाटी दोन तृतीयांशच भरा. स्पिरिटमध्ये थोडं पाणी, दहा टक्क्यांपर्यंत, घातलं की काजळी कमी होते. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून विझला असं वाटूनही पेटत्या वाटीत स्पिरिट ओतू नका, धार उलटी पेटत बाटलीपर्यंत येते. आणि वाटी गरम असताना आट्यांचं झाकण लावू नका. त्यातली ओ-रिंग वितळते, आणि या स्टोव्हमध्ये बिघडण्यासारखं तेवढंच आहे.

गाडीने जाऊन एका जागी राहणाऱ्यांसाठी पेटीसारखे उघडणारे दोन बर्नरचे स्टोव्ह सोयीचे. यात बिजागरी, झाकणाचे वाऱ्याचे पंख आणि बर्नरखालचा पत्रा पाहा. सांडलेल्या खारट पाण्याने पत्रा आधी गंजतो, म्हणून तो बाहेर काढून धुता आला पाहिजे. आडवा ब्युटेनचा डबा बसवायचे चपटे स्टोव्ह स्वस्त असतात, पण कडाक्याच्या थंडीत निरुपयोगी, आणि मोठी कढई डब्याच्या कप्प्यावर आली तर डबा तापून फुटू शकतो. रुंद भांडं वापरणार असाल तर हा प्रकार नकोच.

कोणताही नवा स्टोव्ह आधी उघड्यावर जोडून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला की गळती. काडी लावून गळती शोधू नये. आटे हाताने घट्ट होतील इतकेच फिरवा, जास्त आवळलं की ओ-रिंग चेपते आणि पुढच्या वेळी तीच गळते. आटे तिरपे चढू नयेत म्हणून सुरुवातीला एक वेढा उलटा फिरवून मग सुलटा घ्या. तंबूच्या आत कोणताही स्टोव्ह पेटवू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्टोव्हसोबत त्याच दिवशी दुरुस्तीची पिशवी घ्या: ओ-रिंगांचा एक संच, पंपाचा वायसर, जादा निपल, निपलचा पाना आणि तेलाची कुपी. मोसम संपला की बाटलीतलं इंधन काढून घ्या, नळी रिकामी होईपर्यंत जाळा, पंप वेगळा ठेवा. पेट्रोल आत राहिलं तर चिकट थर बसतो, आणि पुढच्या मोसमात स्टोव्ह पेटत नाही.