भिजलेली वैरण: वाळवायची, मुरवायची का युरिया मारायचा?

परतीच्या पावसात वैरण सापडली की तिन्ही सल्ले एकदमच मिळतात, पण आधी काडीवर नख ओढून बघा. साल सुटून आली तर आत ओल आहे, गंजी (वैरणीचा रचलेला ढीग) लावायची नाही.

वाळवण सगळ्यात स्वस्त, फक्त ऊन पाहिजे. ओल १५ टक्क्यांच्या आत आली तर टिकते, २० च्या वर राहिली की आतून तापते. मी एकदा घाईत अर्धवट वाळलेला लसूणघास (ल्युसर्न चारा) रचला, चौथ्या दिवशी आत पहार खुपसून काढली तर हाताला चटका बसला, आणि उकरलं तर आतला घास तपकिरी, वास तंबाखूसारखा गोड. गाई आवडीनं खात होत्या म्हणून मी खूश, पण तेवढ्या तापलेल्या घासातलं प्रोटीन जनावराला नीट पचतच नाही हे नंतर कळलं. गंजी पेटली नाही हेच नशीब. लसूणघासात अजून एक, जास्त वाळवला की पानं झडतात आणि खरा कस पानातच असतो.

हिरवा मका असेल तर माझं मत सरळ मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. दाणा चिकातून घट्ट होत आला की कापा, कुट्टी (बारीक तुकडे) मुठीत दाबा, पाणी गळलं तर दोन-चार तास सुकवा, गोळा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर (६५-७० टक्के ओल). बॅगेत थर देऊन तुडवायचं, हवा राहिली की बुरशी आलीच, आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. दोन-तीन जनावरं असतील तर खड्ड्यापेक्षा बॅग बरी कारण उघडलेला मुरघास रोज काढावा लागतो, फक्त उंदरांकडे लक्ष ठेवा, एक भोक पुरतं. नुसत्या लसूणघासाचा मुरघास मात्र बिघडतो, साखर कमी, मका मिसळा.

युरिया हिरव्यासाठी नाहीच, तो भाताच्या पेंढ्याला, गव्हाच्या काडाला. १०० किलो कोरड्या काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात, काड आधीच भिजलेलं असेल तर पाणी कमी, युरिया तेवढाच. २१ दिवस ताडपत्रीखाली गच्च. काढल्यावर तासभर पसरून वास उडू द्या, सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात ठेवू नका, जनावर प्यायलं तर वाचवणं अवघड.

आणि आधीच काळी पडलेली, बुरशी धरलेली असेल तर यातलं काहीच करू नका, उकिरड्यावर टाका, बुरशीचं विष दुधात उतरतं.