घोडीला कोणता वळू लावायचा: जड ओढीचा की थरोब्रेड?

दाराशी घोडी आहे, माजावर येऊ लागली आहे आणि दोन वळू उपलब्ध आहेत. एक जड ओढीचा, म्हणजे शायर किंवा पर्शेरॉन रक्ताचा ड्राफ्ट घोडा. दुसरा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास झालेल्या जातीचा घोडा. दोघांचीही वंशावळ कागदावर चोख. अशा वेळी जो तो वळूकडेच बघत उभा राहतो. मी म्हणतो, आधी घोडीकडे बघा. आणि त्याही आधी हे ठरवा, की जन्मणारं शिंगरू पुढे काय करणार आहे. पोटात अकरा महिने आणि कामाला येईपर्यंत आणखी तीन-चार वर्षं, म्हणजे आजच्या निर्णयाचा हिशोब पाच वर्षांनी लागतो. शिंगराला काम किंवा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर नसेल, तर घोडी या वर्षी रिकामी राहिलेली परवडली.

अंगापिंडाचा फरक आधी बघू. शायर वळू खांद्याशी किमान 17 हँड, म्हणजे सुमारे 173 सेंटिमीटर असावा अशी अपेक्षा असते आणि वजन सहज 900 किलोच्या वर जातं. थरोब्रेड साधारण 16 हँडच्या आसपास आणि 450 ते 550 किलोचा. खायला रोज वजनाच्या दोन टक्के कोरडा चारा धरला, तर एकाला 18 किलो, दुसऱ्याला दहा. वळू दुसऱ्याचा आहे, त्याच्या चाऱ्याशी आपल्याला काय करायचंय, असं वाटेल. पण त्याचं शिंगरू आपल्याच गव्हाणीवर वाढणार आहे. जड जातीचं जनावर सावकाश भरतं; पूर्ण ताकदीला यायला पाच-सहा वर्षं घेतं. नाल मोठे लागतात, आणि असे मोठे, जड खूर नीट तासणारा नालबंद सगळीकडे मिळत नाही.

‘एवढा मोठा वळू लावला तर माझी घोडी अडणार नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. 1938 साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी याचं उत्तर शोधलं. त्यांनी कृत्रिम रेतन करून शायर आणि बुटक्या जातीचे शेटलंड पोनी यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. बाप शायर असूनही शेटलंड घोडीचं शिंगरू जन्मताना तिच्या मापाचंच निघालं. शायर घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू त्याच्या जवळपास तिप्पट वजनाचं होतं. पोटात किती वाढायचं यावर आईच्या गर्भाशयाचा ताबा मोठा असतो. म्हणजे अडण्याची भीती वाटते तेवढी खरी नाही. धोका असतो तो प्रत्यक्ष लावताना. हलक्या घोडीवर टनभर वजनाचा वळू चढला की तिची कंबर आणि मागचे पाय बसतात. घोडीला थोड्या उंचवट्यावर उभी करतात. आत इजा होऊ नये म्हणून वळू आणि घोडी यांच्यामध्ये गादीसारखी गुंडाळी धरतात. हे करणारा सरावाचा मोतद्दार नसेल, तर हलक्या घोडीसाठी रेतनच बरं.

याच प्रयोगातून संकराची दिशाही समजते. जड घोडी आणि थरोब्रेड वळू ही जोडी जुन्या जाणकारांनी उगाच पसंत केली नव्हती. आई मोठी, दूध भरपूर, हाड जाड. बाप फुप्फुस, चाल आणि चपळाई देतो. आयर्लंडमध्ये आयरिश ड्राफ्ट घोडीला थरोब्रेड लावून निघणारे घोडे शिकारीच्या मागे धावायला आणि उड्या मारायला जगभर नावाजले गेले. उलट जोडी, म्हणजे थरोब्रेड घोडी आणि जड वळू, मला सहसा पटत नाही. अशातून पुष्कळदा मोठं डोकं, जाड मान आणि खाली काटकुळे पाय असं बेढब जनावर निघतं. काही सुंदर निघतात, हे कबूल. पण एकुलत्या एका घोडीवर असा जुगार मी खेळणार नाही.

आता वंशावळीबद्दल. थरोब्रेडची जनरल स्टड बुक ही नोंदवही 1791 पासूनची. सगळ्या थरोब्रेडच्या बापाकडच्या रेषा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जातात. जड घोड्यांच्या संस्था जवळपास शतकभर उशिराच्या: क्लाइड्सडेल आणि सफोक यांच्या 1877 च्या, शायरची 1878 ची. म्हणून थरोब्रेडचा कागद जास्त मोलाचा, असं मात्र नाही. तुमची घोडी नोंदणीकृत थरोब्रेड नसेल, तर शिंगराला थरोब्रेड म्हणून कधीच नोंद मिळणार नाही. थरोब्रेडच्या नोंदणीला नैसर्गिक लावणीच लागते. रेतनातून जन्मलेलं शिंगरू घेत नाहीत. हा नियम तुम्हाला लागूच होत नाही, कारण तुम्ही त्या रांगेतच नाही. आजोबाने कोणती शर्यत मारली यासाठी जादा पैसे मोजणं म्हणूनच मला वेडेपणा वाटतो. त्याऐवजी विचारा, हा स्वतः किती वर्षं धावला आणि का थांबला. सहा-सात वर्षांचा होईतो धावून धडधाकट पायांनी बाहेर पडलेला मधल्या फळीतला घोडा शेतकऱ्याच्या घोडीला, दोन शर्यती जिंकून लंगडत घरी आलेल्या तेजस्वी घोड्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

वळू गावोगाव फिरवून सेवा देण्याची पद्धत जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये क्लाइड्सडेल वळू एका भागाने दुसऱ्या भागातून भाड्याने घेतल्याच्या लेखी नोंदी 1837 पासून सापडतात. शेतकऱ्यांच्या संस्था प्रदर्शन भरवत, सर्वांत चांगला वळू निवडून मालकाला बक्षीस देत, आणि मग त्याने तो वळू ठरलेल्या मुलुखात फिरवायचा अशी अट असे. थरोब्रेडच्या बाबतीत इंग्लंडमध्ये सरकारच पुढे आलं: 1887 साली घोडेपैदाशीवर रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि निवडक वळूंना बक्षिसं देऊन ते शेतकऱ्यांच्या घोड्यांना कमी दरात मिळतील अशी सोय झाली. लष्कराला स्वारीचे घोडे हवे होते. दोन्ही व्यवस्थांचे हेतूच वेगळे: एकीला नांगर आणि गाडी ओढणारं जनावर हवं होतं, दुसरीला स्वार पाठीवर घेणारं. दोन्हीकडे वळूची निवड मालकाच्या जाहिरातीवर सोडलेली नव्हती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे 1918 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये फिरत्या वळूला परवाना सक्तीचा झाला. पळताना घोरल्यासारखा वाजणारा श्वास, खुराजवळ वाढलेलं हाड, मोतीबिंदू अशा दोषांवर परवाना नाकारला जाई.

आज ही तपासणी स्वतःच करायची. ओढीच्या वळूच्या पायांवर, विशेषतः शायर-क्लाइड्सडेलच्या, केसांचे दाट झुबके असतात. दिसायला राजेशाही, पण ते वर सारून बोटं कातडीवरून फिरवा. जाड घड्या, गाठी, चिकट खपल्या किंवा कुबट वास आला, तर पायात लसीका, म्हणजे अंगातला पाणीदार द्रव, साचून बळावत जाणाऱ्या विकाराची शंका घ्या. तो या जातींत आढळतो आणि कायमचा बरा होत नाही. एकदा मी एका वळूचे नुसते झुबके बघून मान डोलावली होती. सोबतच्या म्हाताऱ्या मोतद्दाराने काही न बोलता खाली बसून घोड्याचा पाय माझ्यासमोर धरला. आत अक्रोडाएवढ्या गाठी होत्या. झुबके नको असतील तर पर्शेरॉन किंवा सफोक बघा. चिखलाच्या जमिनीत त्यांचे पाय सोपे पडतात. बेल्जियन आणि पर्शेरॉन या जड जातींच्या रक्तात स्नायूंत साखर साठण्याचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात दिसतो, तर बेल्जियनमध्ये शिंगराची कातडी सोलवटणारा जीवघेणा दोषही आहे. दोन्हींची चाचणी केसांच्या मुळांवरून होते. निकालाचा कागद मागा. दिला नाही तर नमस्कार करून निघा.

थरोब्रेडमध्ये खुरांपासून सुरुवात करा. पातळ भिंत, सपाट तळवा, पुढच्या पायाच्या मागच्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, जुनी सूज, हे सगळं हाताला लागतं. मग स्वभाव. तबेल्यात अनोळखी माणूस शिरल्यावर तो कान कसे करतो, ते बाहेरच्या दिखाऊ चालीपेक्षा जास्त सांगतं. घोरणं मात्र दोन्हीकडे तपासायचं. लांब मानेच्या उंच घोड्यांत ते येतं, मग तो शर्यतीचा असो की गाडीचा. वळूला जरा पळवा आणि कान देऊन ऐका.

रोगाच्या चाचण्यांबाबत दोघांत फरक नाही, पण फिरत्या वळूला त्या दुप्पट हव्यात. गर्भाशयाचा संसर्गजन्य दाह 1977 साली इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या नामांकित तबेल्यांत पहिल्यांदा ओळखला गेला, आणि तो मुख्यतः लावणीतून पसरतो. जो वळू दहा गोठे फिरून येतो त्याच्या मालकाकडे या हंगामाचा अहवाल हवा. मागच्या वर्षीचा चालणार नाही.

माझा कल विचाराल तर: घोडी जड असेल आणि ओढकाम खरंच चालू असेल, तर तिच्याच जातीचा वळू. घोडी जड आहे पण ओढकाम उरलेलं नाही, तर थरोब्रेड, डोळे झाकून. घोडी मध्यम बांध्याची असेल, तर थरोब्रेडही हलका न घेता जाड हाडाचा बघा. घोडी हलकी आणि तापट असेल, तर दोन्ही नाकारा आणि मध्यम बांध्याचा, शांत डोक्याचा तिसरा वळू शोधा. आणि अर्धरक्ताचा नर निघाला तर तो खच्चीच करायचा. पहिल्या पिढीत दिसलेला समतोल पुढच्या पिढीत टिकत नाही. एक भाऊ गाडीचा आणि एक धावेचा निघेल.

करारात जिवंत शिंगराची हमी लिहून घ्या, म्हणजे उभं राहून दूध पिणारं शिंगरू. माजाचं चक्र 21 दिवसांचं, माज पाच ते सात दिवस टिकतो आणि बीज शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटतं. म्हणून फिरता वळू नेमका कधी येणार ते आधीच ठरवा. लावल्यानंतर चौदाव्या ते सोळाव्या दिवसात सोनोग्राफी करून घ्या. थरोब्रेड आणि ओढीच्या, दोन्ही प्रकारच्या घोड्यांत एका वेळी दोन बीजं सुटण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि घोडीला जुळं पेलत नाही. दुसरा गर्भ डॉक्टरांना काढायचा झाला, तर तो गर्भाशयात चिकटून बसण्याआधीचे हे दोन-तीन दिवसच हाताशी असतात.