वाळू की प्लास्टिकचा चुरा?

चोपड्याचा भाचा घर बांधतोय. जळगावात प्लास्टिकचा चुरा मिळतो, तर काँक्रीटमध्ये वाळूऐवजी तोच घालू का, असं विचारतोय.

मजबुतीत वाळूच सरस. चुरा गुळगुळीत, पाणी न शोषणारा. सिमेंट त्याला धरत नाही. प्रमाण वाढेल तशी ताकद घटते. असा चुरा घातलेल्या काँक्रीटचा नमुना ठोकळा फोडून पाहा, चुऱ्याचे तुकडे अख्खेच सुटून येतात. आयएस 383 (2016) या काँक्रीटच्या वाळू-खडीच्या भारतीय मानकात स्लॅगला (धातूच्या भट्टीतल्या मळीला), जुन्या काँक्रीटच्या खडीला जागा आहे, प्लास्टिकला नाही. आगीत ते वितळतं, हे मला सर्वांत गंभीर वाटतं.

वजनाला चुरा हलका. खर्चात धुणं-वाळवणं धरा. मळका चुरा नकोच.

स्लॅब, कॉलम, बीमला वाळूच. अंगणातली पायवाट, झाडांभोवतीची कड यांत थोडा चुरा चालेल, तोही आधी ठोकळे तपासून. विहिरीजवळ नको, झिजून प्लास्टिकचे कण सुटतात.