स्पीकरची पेटी: पताम की लॉक मायटर?

पेटीचे कोपरे जोडताना 18 मिमी एमडीएफला (लाकडी तंतूंची दाबलेली फळी) पताम, म्हणजे कडेची पायरीसारखी खाच, बहुतेक वेळा पुरते. रुंदी 18, खोली 9 मिमी. राउटर (खाच कापणारं यंत्र) तीनदा फिरवा, दर खेपेला 3 मिमी. पाट, म्हणजे फळ्या, आपसूक गुण्यात (काटकोनात) बसतात. खाच किंचित रुंद ठेवा, बाहेर आलेली कड नंतर घासून सपाट होते. प्लायला मात्र आधी कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा: 18 चा प्लाय अनेकदा 17.5 भरतो आणि खाचेची कड अर्धा मिमी बाहेर राहते.

पतामाची खरी खोड रंगात दिसते. एमडीएफची कापलेली कड ओलावा जास्त पिते, फुगते, आणि काही महिन्यांनी चकचकीत रंगावर जोडाची रेघ उमटते.

लॉक मायटर म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांचा तिरका, 45 अंशांचा जोड. त्यात जोड नेमका कोपऱ्यावर जातो, म्हणून सपाट बाजूवर रेघच नाही. पण बिट (राउटरचं कापणारं पातं) मोठा. अर्धा इंची दांडा, राउटर टेबल आणि मिनिटाला सुमारे 10,000 फेरेच हवेत. एक पाट आडवा, दुसरा कुंपणाला (टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला) उभा टेकवून चालवायचा. बिटाचा मध्य पाटाच्या जाडीच्या मध्याशी जुळला नाही, तर कोपऱ्यावर पायरी पडते. त्याच पाटाच्या तुकड्यांवर आधी जुळवा. एमडीएफचं टोक नाजूक असतं, पटकन तुटतं.

स्पीकरच्या पहिल्या जोडीला पतामच घ्या.