फोल्डस्कोप: विज्ञानाच्या शिक्षकाला किती कामाचा?

खानदेशातल्या बऱ्याच हायस्कुलांत सूक्ष्मदर्शक असतो, पण तो कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप असतं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेली वस्तू पोरांच्या हातून फुटली तर खुलासा विज्ञानाच्या शिक्षकाला द्यावा लागतो. त्यामुळे वर्षातून एकदा तो टेबलावर येतो, पुढे साठ जणांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद येतात. ‘दिसलं का?’ विचारलं की सगळे ‘हो सर’ म्हणतात. बहुतेकांना दिसलेली असते ती स्वतःच्याच पापण्यांची सावली.

फोल्डस्कोपचं परीक्षण या रांगेपासून सुरू करायला हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक. प्रकाश मूळचे मेरठचे आणि आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. शोधनिबंध २०१४ साली आला. त्यात सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत मांडला होता. तो आकडा पाहून शाळेचं अंदाजपत्रक मात्र करू नका, कारण पॅकिंग, कर आणि कुरिअर धरून हातात पडणारी किंमत त्याहून बरीच जास्त असते.

आमचं मत आधीच सांगतो. पेशी शिकवायला, पाण्यातले जीव दाखवायला आणि पोरांच्या हाती उपकरण द्यायला याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन आमच्या पाहण्यात नाही. पण शिक्षकाला तयारीचा वेळ मिळाला तरच. नुसती पाकिटं शाळेत पोचवली तर तीही त्याच कपाटात जातात.

याचं भिंग म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर व्यासाची काचेची गोळी. तिच्यातून वस्तू १४० पट मोठी दिसते. एकच भिंग असल्यामुळे चित्र उलटं होत नाही. डच संशोधक लेवेनहूकनं १६७० च्या दशकात पाण्यातले जीव पाहिले तेही एकाच भिंगातून. आठवीच्या मुलांना ही गोष्ट सांगाच, हातातल्या कागदाकडे ती वेगळ्या नजरेनं बघतात.

या गोळीच्या स्वभावातच बहुतेक अडचणींची कारणं आहेत. तिची नाभी, म्हणजे वस्तू स्पष्ट दिसते ती जागा, काचेच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर पडते. नेहमीची काचपट्टी एक मिलिमीटर जाडीची. म्हणून आच्छादन काच (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) भिंगाच्या बाजूलाच यायला हवी. पट्टी पालथी बसली तर फोकसची पट्टी कितीही सरकवा, चित्र येतच नाही. ‘आमचा पीस खराब आला’ या तक्रारीमागे बऱ्याचदा पालथी काचपट्टी असते. जाड नमुनाही त्याच कारणानं फसतो. पान अख्खं ठेवून उपयोग नाही, त्याचा पापुद्राच हवा. आणि गोल भिंगातून फक्त मधला भाग रेखीव दिसतो, कडा धूसर राहतात. हा दोष नाही, हे आधी सांगून ठेवलं की पोरं कडा स्पष्ट करायच्या नादात मधलं चित्र घालवत नाहीत.

जुळणीला पहिल्या वेळी मोठ्या माणसाला वीस मिनिटं धरा, सातवीच्या मुलाला चाळीस. म्हणजे पस्तीस मिनिटांच्या एका तासात हे बसत नाही, जोडतास घ्यावा लागतो. कागदाचे भाग सोडवताना कडेनं ओढू नका. छिद्रांच्या रेषेवर दोन्हीकडून हलकं वाकवून मग वेगळे करा. घडी घातली की नखानं दाबून पक्की करा. ढिली घडी पुढे फुगते, भिंग नमुन्यापासून दूर जातं आणि फोकस हातात राहत नाही. भिंग चुंबकाच्या कड्यात तिरकं बसलं तर अर्धं चित्र स्पष्ट आणि अर्धं पुसट दिसतं. तेव्हा फोकसशी झटापट न करता भिंग काढून पुन्हा बसवावं. चुंबक बारीक आहेत, म्हणून पाचवीच्या खालच्या मुलांच्या हाती सुटे देऊ नयेत; गिळले तर जिवावर बेततं.

उजेडाचं एकच कडक पथ्य. खिडकीकडे, मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरून पाहायचं, सूर्याकडे कधीही नाही. भिंग डोळ्याला चिकटलेलं असतं, क्षणभराचं ऊनही डोळ्यातला पडदा जाळू शकतं. हा नियम जुळणीच्या आधी फळ्यावर लिहा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांत वीज गेली तरी काम अडत नाही, हा मात्र या उपकरणाचा मोठा गुण. पावसाळ्यात डोळे आलेले असतील त्या आठवड्यात एकमेकांचा फोल्डस्कोप डोळ्याला लावू देऊ नका, फोनवर दाखवा.

फोनवर दाखवणं सोपं आहे, फक्त तो मुख्य कॅमेऱ्यावर बसवा. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन झूम वाढवलं की आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात आणि पडदा काळा होतो. शाळेत टीव्ही असेल तर चित्र तिथे न्या. साठ जणांची रांग तिथेच संपते.

आता पाहायचं काय? सोबत मिळणाऱ्या तयार नमुन्यांपेक्षा आपल्या शिवारात चांगलं साहित्य आहे. रावेर-यावलकडे कच्ची केळी शोधायला जावं लागत नाही. काडीच्या टोकानं कच्च्या केळ्याचा गर मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी खरवडा आणि पाण्याच्या थेंबात पसरून वर आच्छादन काच ठेवा. मेडिकलमधल्या पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब चार-पाच थेंब पाण्यात मिसळा. त्यातला थेंब काचेच्या एका कडेला सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद लावला की आयोडीन आपसूक आत ओढलं जातं. स्टार्चचे लांबट कण निळे-काळे होतात. मग पूर्ण पिकलेल्या केळ्याचा गर तसाच पाहा, कण फारच थोडे उरलेले असतात. पिकताना विकरांनी (एन्झाइमांनी) स्टार्चची साखर केलेली असते. गोडी कुठून आली याचं उत्तर पोरं स्वतःच देतात. गर जास्त घेतला तर सगळी काळी शाई दिसते, आणि नव्वद टक्के चूक तीच होते असं म्हटलं तरी चालेल.

कापसासाठी पेळू नको, बोंडातले मोजके तंतू हवेत. तीन-चार तंतू सुटे करून पारदर्शक टेपनं मधे भोक असलेल्या कागदी पट्टीवर लावा. तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, कारण बोंड उकललं की जिवंत असताना नळीसारखा असलेला तंतू वाळून चपटा होतो. शेजारी पॉलिस्टरच्या कापडाचा धागा लावा, तो गुळगुळीत काडीसारखा दिसेल. घरात कापूस वेचणारी पोरं या पट्टीवरून हलत नाहीत.

कांद्याचा पापुद्रा तीन-चार मिलिमीटरचाच घ्या आणि सुरकुती पडू देऊ नका. इथे एक ठरलेली फसगत आहे. जाड काळ्या कडेचे गोल दिसले की पोरं ‘पेशी, पेशी’ म्हणतात, पण ते हवेचे बुडबुडे असतात. पेशी विटांसारख्या एकमेकींना लागून असतात, त्यांची कड बारीक असते, आणि आयोडीन दिलं की आत केंद्रकाचा ठिपका उमटतो. आच्छादन काच एका कडेवर टेकवून सावकाश आडवी केली तर बुडबुडे कमी येतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पाण्याचा थेंब पाच-सात मिनिटांत उडतो, त्या दिवसांत पाण्यात निम्मं ग्लिसरीन घाला. गिरणा किंवा पांझरा नदीच्या डबक्यातल्या पाण्याला मात्र ग्लिसरीन लावू नका, जीव मरतात. तिथे कडेनं पाणीच पुन्हा सोडत राहा.

दह्यातले जिवाणू दाखवतो असं वर्गाला कबूल करू नका. या भिंगाची स्पष्टता सुमारे दोन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि जिवाणूची जाडी त्याहून कमी. यीस्टचे ठिपके दिसतात, पॅरामेशियम हा पाण्यातला एकपेशीय जीव छान दिसतो, पेशीतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) दिसत नाहीत. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकांना ४५ पटीच्या वस्तुभिंगाचा (नमुन्याकडचं भिंग; डोळ्याकडचं भिंग ते चित्र आणखी मोठं करतं) नेहमीचा सूक्ष्मदर्शकच लागतो. रक्ताचा नमुना शाळेत घेऊच नये. गालाच्या आतल्या पेशी पाहायच्या तर ज्यानं त्यानं स्वतःची नवी काडी वापरावी आणि ती लगेच फेकावी.

शिक्षकाच्या बाजूनं पाहिलं तर चाळीसच्या वर्गाला दहा नग पुरतात, चार जणांत एक, आणि दोन जादा ठेवावेत. दहा नग एकट्यानं जुळवायचे म्हणजे तीन-साडेतीन तास. मतदारयादी, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती यातून उरलेल्या संध्याकाळी घरी बसून हे काम करायला लावणं अन्याय आहे. शुक्रवारी पाकिटं देऊन सोमवारी फोटो मागणाऱ्या शाळेत हा प्रयोग पहिल्याच महिन्यात थांबतो, आणि दोष शिक्षकाच्या निरुत्साहाला दिला जातो. जुळणी केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत, तीन-चार शाळांच्या शिक्षकांनी एकत्र करावी. कामाच्या वेळेत, मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीनं.

त्याच बैठकीत प्रशिक्षणही होतं, त्याला पीपीटी लागत नाही. बारा-पंधरा शिक्षक, प्रत्येकाच्या हातात एक नग. आधी नीट जुळवायचा आणि मग मुद्दाम बिघडवायचा: काचपट्टी पालथी घालायची, भिंग तिरकं बसवायचं, बुडबुडा अडकवायचा. शेजाऱ्यानं दोष ओळखून दुरुस्त करायचा. दोन तासांत सगळे बिघाड डोळ्याखालून जातात, आणि वर्गात पोरांपुढे अडलो तर काय, ही धाकधूक निघून जाते. धाकधूक हाच प्रयोग टाळण्यामागचा मोठा भाग असतो, उपकरणाची कमतरता त्यानंतर. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तासभर बसा आणि मुलांनी काढलेल्या आकृत्या घेऊन या. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना आधी दिसलं ते काढू द्या, आपल्या शब्दांत सांगू द्या, ‘पेशीभित्तिका’ हे नाव त्यानंतर. आकृती पाहिली की मूल बुडबुडा पाहतंय की पेशी, हे शिक्षकाला लगेच कळतं.

रंजकद्रव्यं आणि कायमस्वरूपी काचपट्ट्यांसाठी जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या विज्ञान महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारून पाहा. लेखी पत्र घेऊन गेलं की काम सोपं होतं.

देखभाल थोडीच. भिंगाला बोट लागलं तर मऊ सुती कापड स्वच्छ पाण्यात किंचित ओलं करून पुसा, ॲसिटोन लावू नका. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ठेवलेल्या टेपचा चिकट थर पाघळतो, म्हणून टेप आणि चिकटपट्ट्या दर जूनला नव्या घ्या. सगळे भाग बटणाच्या पिशवीत, पिशवीवर गटाचा क्रमांक. खरेदीच्या वेळी एक गोष्ट मात्र मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या: ही नोंद डेडस्टॉकला न करता उपभोग्य साहित्यात करता येईल का. कागद कधीतरी फाटणारच आहे, आणि तो फाटला म्हणून कुणाला खुलासा लिहावा लागू नये.