हाय नून की ऑन द वॉटरफ्रंट, आधी कुठला?

भाचा विचारत होता, मामा, कम्युनिस्टांच्या शोधाने हॉलिवूड हादरलं तो काळ समजायचाय, दोन्हीतला कुठला आधी बघू? किती ऑस्कर मिळाले ते सोड म्हटलं.

वेळ बघशील तर हाय नून (१९५२) जेमतेम ८५ मिनिटं, वॉटरफ्रंट (१९५४) पावणेदोन तास.

खरा फरक लिहिणाऱ्या-करणाऱ्यांत आहे. हाय नूनचा लेखक कार्ल फोरमन, त्याला अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीने बोलावलं (ही सिनेटर मॅकार्थीची नव्हे, लोक गल्लत करतात), त्याने कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावं दिली नाहीत आणि शेवटी इंग्लंडला जावं लागलं, म्हणून पिक्चरमधला एकटा पडलेला मार्शल (गावचा पोलीस अधिकारी) दारोदार मदत मागत फिरतो ना, ते बघताना पोटात कालवतं. याउलट वॉटरफ्रंटचा दिग्दर्शक एलिया कझानने १९५२ मध्ये त्याच समितीला आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली, आणि वॉटरफ्रंटचा हिरो साक्ष देऊनच मोठा होतो! मला हे आजही पटत नाही, पण हिरो झालेल्या मार्लन ब्रँडोचं काम बघून डोळे भरतात हेही खरं.

पार्श्वभूमी माहीत नसेल, एकच संध्याकाळ असेल तर हाय नून. थोडं वाचून झालंय, साक्ष देणाऱ्याची बाजू ऐकायचीय, तर वॉटरफ्रंट.